बुटाला नमस्कार

पहिल्याच सराव सामन्यात मी समोरच्या टीममधल्या एका धिप्पाड बाईच्या बुटाला हात लावून नमस्कार केला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी आमच्यावर बास्केट केलं.

झालं असं, की रिबाउंडसाठी, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परत येणारा बॉल पकडायला, उडी मारून खाली येताना माझा पाय तिच्या पायावर पडला. आता पाय लागला की काय करायचं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं का? हात आपोआप खाली जातो, ज्याला पाय लागला त्याला शिवतो आणि छातीशी येतो. माणूस असो, पुस्तक असो, दप्तर असो. मी वाकले, बुटाला बोटं लागली न लागली तोच तो बूट पळाला. वर बघते तर ती बाई कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला, जिला मी अडवायचं ती अगदी मोकळी, आणि बॉल जाळीतून खाली येतोय.

आमच्या कोचने टाइम-आउट घेतला. "वास वार दास?" हे काय होतं? तिचा आवाज असा, की हॉलमधले प्रेक्षकही गप्प झाले.

कॅप्टन मात्र माझ्या मदतीला धावली. काळजीने म्हणाली, "तुझी कॉन्टॅक्ट लेन्स पडली का?"

मला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. जन्मात कधी लेन्स लावली नाही. पण एवढ्या सगळ्यांसमोर, घामाघूम होऊन, 'माझा पाय लागला म्हणून मी पाया पडले' हे कुठल्या भाषेत सांगू? मी म्हटलं, "हो."

आणि बाई गं, आमची अख्खी टीम गुडघ्यांवर बसली! एकेक दांडगी बाई जमिनीला नाक लावून माझी नसलेली लेन्स शोधायला लागली. रेफरी पण वाकला. मग मीही वाकले, न वाकून सांगते कुणाला! थोडा वेळ फरशीवरून हात फिरवला आणि चिमटीत काहीतरी पकडल्यासारखं करून "सापडली" म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुण्याची. उंची पाच फूट अकरा इंच. आमच्या आळीत माझं नाव 'शिडी' होतं आणि मावश्या-आत्या माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायच्या, हिच्या जोडीचा मुलगा आणायचा कुठून म्हणून. बास्केटबॉलने मला वाचवलं. तिथे उंच असणं म्हणजे गुन्हा नव्हता. शाळा, कॉलेज, राज्याची टीम करत करत खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. पर्मनंट. बाबांनी त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते.

तीच नोकरी सोडून मी जर्मनीला आले. एका परदेशी स्पर्धेत इथल्या एका क्लबच्या माणसांनी मला खेळताना पाहिलं होतं, आणि त्यांचा करार आला तो जेमतेम ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंतचा. बाबा एकच वाक्य बोलले, "पर्मनंट सोडून टेम्पररीच्या मागे जाणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच." नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. विमानतळावर आले, बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली, आणि आईला म्हणाले, "चला." मीही काही कमी नाही. मीही वळून बघितलं नाही.

गाव हेर्त्सोगेनआउराखपासून थोड्या अंतरावरचं. आईच्या चुलत बहिणीचे मिस्टर हेर्त्सोगेनआउराखलाच इंजिनियर आहेत, म्हणून आईचा जीव निम्मा भांड्यात पडला होता. क्लबने मला दोन खोल्यांचा फ्लॅट दिला. त्यातली एक खोली माझी, दुसरी लातवियाहून आलेल्या एका मुलीची. तीही माझ्यासारखीच नवीन, तीही सुट्टीपर्यंतच्या करारावर.

दुसऱ्याच दिवशी कोचने आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं. कोच साठीला टेकलेली, एके काळची मोठी खेळाडू. समोर आलुबुखारचा केक होता. तिने तो आमच्या ताटल्यांत वाढला आणि म्हणाली, "आल्झो, तर मग, क्लबकडे पुढच्या अर्ध्या सीझनसाठी एकाच परदेशी खेळाडूची जागा आहे. तुम्ही दोघी एकाच जागेसाठी खेळताय. डिसेंबरमध्ये मी एकीला ठेवीन. क्रीम हवंय का?"

असं, सरळ. आपल्याकडे ही गोष्ट आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळली असती, तीही 'माझं नाव सांगू नकोस' या अटीवर. मी काटा खाली ठेवला. लातवियाच्या मुलीने क्रीम घेतलं.

घरी चालत येताना ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं ते." तिचं इंग्रजी माझ्या जर्मनसारखं, मोडकंतोडकं, पण आमचं भागायचं. मी नुसतं "हं" केलं. मनात म्हटलं, बाई, तुझं ठीक आहे, तू बसमध्ये बसून घरी जाशील. माझा इथे राहायचा परवानाच या कराराला बांधलेला. करार संपला की परवाना संपला, परत गेले की नोकरी नाही, आणि दारात बाबा. ते एक शब्द बोलणार नाहीत, तेच सगळ्यात वाईट. ती जागा मलाच हवी होती. तिला मिळाली तर मिळू दे असं मी एक क्षणसुद्धा म्हटलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू!

पण माझं काही धड चालेना. पुण्यात मी सगळ्यांत उंच, म्हणून कायम बास्केटखाली उभी. बॉल वर आला की हात उंचावायचा, बॉल आपला. इथे टीममध्ये माझ्यापेक्षा उंच दोघी होत्या आणि बाकीच्या माझ्या कानाला लागतील एवढ्या. कोच म्हणाली, तू बाहेरून खेळ, लांबून शॉट मार, आणि शॉट चुकला की आत घुसून रिबाउंड घे. म्हणजे आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाईला सांगायचं, उद्यापासून तू रिक्षा चालव.

त्यात तिला नावाने हाक मारायची होती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, मला 'डू' म्हणा, अरे-तुरे करा. जिच्या मोबाइलवर नातवंडांचे फोटो आहेत तिला नावाने हाक? माझी जीभ उचलेना. शेवटी मी तिला काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. काही विचारायचं असलं की तिच्या समोर जाऊन उभी राहायचे, ती बघेपर्यंत. तिला वाटायचं, ही मुलगी फार अबोल आहे. माझ्या आईने ऐकलं असतं तर हसून हसून तिच्या पोटात दुखलं असतं.

आणि लेन्स पडतच राहिली. ट्रेनिंगमध्ये पाय लागला, वाकले, शिवले, "सॉरी, लेन्स." पुढच्या आठवड्यात परत. फिजिओने मला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. कॅप्टनने खेळाडूंचा पट्ट्याचा चष्मा आणून दिला, स्वतःच्या भावाचा. तो घालून मी एक दिवस खेळलेसुद्धा! बिननंबरचा नव्हता तो. बास्केट दोन दिसत होती.

शेवटी एका सकाळी कोचने मला व्हिडिओ बघायला बसवलं. पडद्यावर मी. उडी, पाय, वाकणं, हात छातीशी. मग दुसरा सामना: उडी, पाय, वाकणं, हात छातीशी. तिने असे तुकडे एकामागे एक जोडून ठेवले होते. काही ठिकाणी तर पाय लागलेली बाई माझ्याकडे बघून दचकलेली दिसत होती.

"लेन्स छातीवर लावतेस?" कोच म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. पाय का लागू द्यायचा नाही, लागला तर का शिवायचं, समोरच्यातल्या देवाला कसा नमस्कार करतो ते सगळं. मोडक्या जर्मनमध्ये आपला धर्म समजावणं म्हणजे काय शिक्षा असते ते मला विचारा. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सुंदर आहे. फार सुंदर. सामना संपला की सगळ्यांना कर. सामना चालू असताना केलास तर तुझ्यासकट अख्खी टीम पळेल."

मला इतका राग आला! पण चूक कोणाची? तिचं तर बरोबरच होतं. त्या वाकण्यात एक क्षण जायचा, आणि बास्केटबॉलमध्ये एका क्षणात बॉल इकडचा तिकडे होतो.

त्या दिवसापासून माझा हात खाली गेला की शिट्टी, आणि टीम कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायला लागलं. कॅप्टन दोन मुलांची आई, सकाळी ऑफिसला जाऊन संध्याकाळी खेळायला येणारी. माझ्या नमस्कारापायी ती धापा टाकतेय हे बघून मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

रविवारी हेर्त्सोगेनआउराखच्या मावशीकडे जेवायला गेले तेव्हा हे सगळं बाहेर पडलं. मावशी भात वाढता वाढता थांबली. "अहो, ऐकलंत का? ही खेळताना लोकांच्या पाया पडते!"

काका म्हणाले, "अगं, जर्मन माणसाच्या पाया पडायचं ते फक्त व्हिसाच्या ऑफिसात. कोर्टावर कशाला?"

"चेष्टा पुरे," मावशी म्हणाली. "गेनाऊ, अगदी बरोबर सांगते मी तुला. मनातल्या मनात कर. हात नाही हलवायचा."

आईला फोन केला तर तिने त्याच्याही पुढचा तोडगा काढला. "घरी आलीस की देवापुढे उभी राहा आणि आज ज्यांना ज्यांना पाय लागला त्यांचा एकदाच नमस्कार करून टाक. होलसेल." मागून बाबांच्या खोकण्याचा आवाज आला. मी म्हटलं, "बाबांना दे." आई म्हणाली, "ते अंघोळीला गेलेत." पुण्यात दुपारची वेळ, बाबांची अंघोळ सकाळी सहाला होते.

मनातल्या मनात करून बघितलं. मन आवरलं, हात आवरेना.

मग लातवियाच्या मुलीने हे काम अंगावर घेतलं. मी किचनमध्ये चहा करतेय, ही येऊन माझ्या पायावर पाय ठेवायची. मी दात घासतेय, ठेवला पाय. कधी उलट माझा पाय ती स्वतःच्या पायावर ओढून घ्यायची आणि माझा हात हलतो का बघत उभी राहायची. हलला की भांडी माझ्याकडे. त्या दिवसांत घरातली सगळी भांडी मी घासली. पुण्यात आईने इतकी वर्षं ओरडून जे जमवलं नाही ते हिने जमवलं.

आणि एक दिवस हात गेला नाही. ट्रेनिंगमध्ये माझा पाय कॅप्टनच्या पायावर चांगला दणकून पडला, मी बॉल घेतला आणि पास दिला. शिट्टी वाजली नाही. कॅप्टन ओरडली, "येस!" आणि तसंच लंगडत मला मिठी मारली. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

डोंबल जिंकले! पुढचे तीन सामने मी बेंचवर. लातवियाची मुलगी कोर्टावर आणि मी टॉवेल धरून. नोव्हेंबर संपत आला होता, बाहेर चार वाजता अंधार, आणि माझ्या डोक्यात तिडीक. शेवटी सरळ कोचसमोर जाऊन उभी राहिले, आणि या वेळी ती बघायची वाट न बघता बोलले, "मी नमस्कार बंद केला. आता काय राहिलं?"

तिने परत व्हिडिओ लावला. या वेळी एकच चित्र थांबवून ठेवलं. शॉट हवेत आहे, आणि मी एका खेळाडूला बॉक्स आउट करतेय. बॉक्स आउट म्हणजे बॉल रिंगला लागून परत यायच्या आत समोरच्या बाईच्या आणि बास्केटच्या मध्ये आपलं अंग घालायचं. तिच्याकडे पाठ करून, कंबर तिला टेकवून, आपला एक पाय तिच्या दोन पायांच्या मध्ये रोवून. म्हणजे तिला पुढे येताच येत नाही.

"तुझा पाय बघ," कोच म्हणाली.

माझा पाय तिच्या पायांच्या मध्ये नव्हता. वीतभर अलीकडे होता. दुसरं चित्र: वीतभर अलीकडे. तिसरं: तसंच. प्रत्येक वेळी माझ्यात आणि समोरच्या बाईत एक वीत मोकळी, आणि त्या वितीतून ती आत शिरून बॉल घेऊन जातेय.

"तू नमस्कार बंद केलास," कोच म्हणाली, "पण पाय लागू नये म्हणून आधीच मागे ठेवतेस. तो नमस्कार मला दिसत होता. हा मलाही दिसायला वेळ लागला."

मी बघतच राहिले. पुण्यात मी एवढी उंच होते, की वीतभर लांब राहूनही बॉल मलाच मिळायचा. कधी कोणाला कळलंच नाही. मला तर नाहीच नाही. आणि राग कोणाचा आला माहीत आहे? लहानपणी माझ्या पाठीत धपाटा घालून 'पाय लागला ना? नमस्कार कर' म्हणणाऱ्या सगळ्यांचा आला. मग त्या रागाचाच राग आला. बाबाच होते त्यात सगळ्यात पुढे.

घरी येऊन मी बॅग फेकली आणि लातवियाच्या मुलीला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काय केलंय. माझं सगळं दुखणं मी तिच्या हातात दिलं होतं. तिने नुसतं तोंड बंद ठेवलं असतं, तरी जागा तिची होती.

ती उठली, कॉरिडॉरमधलं चपलांचं स्टँड बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "ये."

त्या चिंचोळ्या जागेत ती माझ्या मागे उभी राहायची आणि मी पाय तिच्या पायांच्या मध्ये घालायचा. "अजून मागे. अजून. मी काचेची नाहीये!" मी घालायचे, ती ढकलायची, मी भिंतीवर आपटायचे. रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. रविवारी शांतता पाळायची असते, फर्निचर हलवायचं नसतं, वगैरे. आम्ही दोघी घामाने निथळत, केस विस्कटलेले, दारात उभ्या. लातवियाची मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणाली, "फर्निचर नाही, ही आहे." बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्या खाली गेल्या.

मी तिला एकदा विचारलंच. "तू हे का करतेस? वेड लागलंय का तुला?"

तिने खांदे उडवले. "अर्धवट खेळाडूला हरवून मला काय मिळणार? तू नीट खेळ. मग मी तुला हरवते." आणि हसली. ती हे मनापासून म्हणत होती. तिला खरंच वाटत होतं, की मी कितीही सुधारले तरी ती माझ्या पुढेच राहील. आणि तोपर्यंत ती पुढे होतीच.

ख्रिसमसच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, एका संध्याकाळी ट्रेनिंगच्या शेवटी कोचने बाकी सगळ्यांना बाजूला बसायला सांगितलं. आम्हा दोघींना बास्केटखाली उभं केलं. ती स्वतः शॉट मारणार, तो मुद्दाम चुकवणार, आणि बॉल आम्हा दोघींपैकी जी घेईल तिचा. का करतेय ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

पहिले काही बॉल तिनेच घेतले. ती माझ्या बाजूने अशी सटकायची, की मला कळायच्या आत बॉल तिच्या हातात. माझा पाय परत मागे राहत होता. कळत होतं आणि राहत होता. कॅप्टन न राहवून ओरडली, "पाय!"

पुढचा शॉट सुटला तेव्हा मी बॉलकडे बघितलंच नाही. मागे सरकले, तिचं अंग पाठीला लागलं, आणि पाय घातला. तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये, टाच रोवून. तिने ढकललं. मी हलले नाही. बॉल आला, मी घेतला.

परत शॉट. परत घेतला. परत. आता ती चिडली होती, तिचा कोपर माझ्या बरगडीत बसत होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. चौथ्या की पाचव्या वेळी ती माझ्या पायाला अडखळली आणि धाडकन आडवी झाली. मला कळलं. फरशीवर तिचा हात आपटल्याचा आवाज मी ऐकला. मी खाली बघितलं नाही. बॉल घेतला, उडी मारली आणि जाळीत टाकला.

ती उठली, आली, परत उभी राहिली. मी परत पाय घातला.

कोच म्हणाली, "डांके. पुरे." लातवियाची मुलगी कमरेत वाकून उभी होती. तिने टी-शर्टने तोंड पुसलं. खूप वेळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोचने मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "तू राहतेस." मी तिला तिच्या नावाने हाक मारून थँक्यू म्हटलं. पहिल्यांदाच. तिच्या काही लक्षात आलं नाही, तिला ते नेहमीचंच.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. आईने उचलला आणि मी काही बोलायच्या आत तिला माझ्या आवाजावरून कळलं. ती ओरडली, मग रडायला लागली, आणि मग फोन बाबांच्या हातात गेला. तिने दिला का त्यांनी घेतला ते मला माहीत नाही.

"राहिलीस ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"ठीक." मग मला वाटलं फोन कट झाला. "आणि ती तुझ्याबरोबर राहणारी मुलगी?"

"ती जातेय, बाबा."

बाबांनी घसा खाकरला. "तिला नीट जेवायला घाल," एवढं म्हणून त्यांनी फोन आईला दिला.

मी मावशीकडून डाळीचं पीठ आणि लसणीची चटणी आणली आणि पिठलं-भात केला. लातवियाच्या मुलीला मावशीची चटणी फार आवडायची, चमच्याने खायची वेडी. त्या दिवशीही ती पोटभर जेवली. भांडी तिने घासली, मला हात लावू दिला नाही.

शनिवारी सकाळी मी तिला सोडायला स्टेशनवर गेले. गाडी वेळेवर असती तर बरं झालं असतं, पण ती आधी वीस मिनिटं उशिरा, मग पस्तीस, मग पन्नास. दोघी एका बाकावर, मध्ये तिची बॅग. थंडी अशी, की नाक आपलं आहे की नाही कळत नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. तिला एका दुसऱ्या देशातल्या छोट्या क्लबकडून निरोप आला होता, पण नक्की काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "एक विचारू? मी पडले तेव्हा तुला कळलं होतं?"

"हो."

"पण तू बघितलं नाहीस."

"नाही."

"मुद्दाम?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी लेन्ससुद्धा शोधली होती एकेकाळी. पण हिला खोटं सांगायचं नव्हतं. "मुद्दाम," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मला तुझा राग आहे," ती म्हणाली. "आज तरी खूप आहे. तू मला फोन करू नकोस. मला वाटेल तेव्हा मी करीन."

"बरं," मी म्हटलं.

गाडी आली. मी तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, आणि तिने ठेवू दिली. दार बंद झालं. ती खिडकीपाशी आली नाही, पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. गाडी गेली तशी मी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. एक म्हाताऱ्या आजी थांबल्या, पर्समधून रुमाल काढून दिला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, पोरीचं कोणी जवळचं गेलं. ते खरंच होतं. पण रडता रडता माझं मला कळत होतं, की मी खूश आहे. तिची गाडी परत आली असती, कोचने आम्हाला परत त्या बास्केटखाली उभं केलं असतं, तर मी परत तेच केलं असतं. त्या आजींना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.